कॉलरच्या टोकाची मिशी

ज्या वर्षी कॉलरवालीच्या धाकट्या लेकानं मोडलेला संसार पुन्हा त्याच बायकोशी मांडला, त्या वर्षीची ही गोष्ट. दोघांना घर लावून घ्यायला आणि भांडायचं राहिलेलं भांडून घ्यायला सवड हवी होती, म्हणून त्यांची कॉलेजातली मुलगी दोन महिने आजीकडे राहायला आली. येताना तिनं कपड्यांचे तीन जोड आणि एक लॅपटॉप आणला. कॉलरवालीला तेवढंच पुरे झालं. घरात दुसरं माणूस आलं की तिची भूक वाढायची.

कॉलरवाली हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. शर्टांच्या एका कारखान्यात ती नऊ वर्षं फक्त कॉलर शिवत बसली. शेजारच्या मशीनवर काजं करणारी होती, ती काजवाली. नोकऱ्या गेल्या, कारखानाही पंधरा वर्षांपूर्वी बंद पडला, पण ही नावं दोघींच्या अंगाला चिकटली ती चिकटलीच.

नात इंटरनेटवरच्या एका पानासाठी लिहायची. नवी मालिका आली की पहिले तीन भाग बघायचे आणि पहिल्यांदा कशी वाटली ते वाचकांना सांगायचं, असं तिचं काम. या खेपेला तिच्या वाट्याला एक ॲनिमे आली होती, म्हणजे परदेशी, हातानं काढलेल्या चित्रांची मालिका. शर्टांच्या छोट्या कारखान्यात कामाला लागलेल्या दोन मैत्रिणींची गोष्ट होती. आजीनं नऊ वर्षं हेच काम केलेलं, तेव्हा शिवणकाम खरं दाखवलंय की थापा मारल्यात, ते आजीच सांगेल, असं म्हणून नातीनं तिला शेजारी बसवलं.

चित्रांखाली मराठी अक्षरं उमटायची. कॉलरवाली अक्षर शिकली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यामुळे ओळ संपायच्या आत अक्षरं पळायची आणि नातीला दर दोन मिनिटांनी चित्र थांबवावं लागायचं. पहिल्या भागात काहीच घडलं नाही. एक उंच पोरगी, एक चष्मेवाली. दोघी कामाला लागतात, चहा गार होतो, मशीनची दोरी तुटते, संध्याकाळी दोघी एकाच छत्रीतून घरी जातात. कॉलरवाली म्हणाली, एवढंच बघायचं होतं तर मी खिडकीत बसले असते. पण दुसरा भाग तिनंच लावायला सांगितला. सुई बदलताना उंच पोरगी जुनी सुई छातीशी खोचते, हे तिला आवडलं. चित्र काढणाऱ्यानं कुणाचे तरी हात जवळून पाहिलेत, असं तिनं नातीला लिहून घ्यायला लावलं.

तिसऱ्या भागात ती ताठ झाली.

चष्मेवालीच्या कॉलरची टोकं बोथट यायची. कात्रीच्या टोकानं ढोसली की कापड फाटायचं. तेव्हा उंच पोरीनं कॉलर शिवता शिवता कोपऱ्यातल्या टाक्याला एक धागा अडकवला, त्याची दोन्ही शेपटं दोन कापडांच्या मधे सोडली, उरलेली बाजू शिवली, कॉलर उलटवली आणि धागा ओढला. टोक सुईसारखं बाहेर आलं. मग तिनं धाग्याचं एकच शेपूट धरून हळूच ओढलं. धागा अख्खा सुटून हातात आला.

"मागे घे," कॉलरवाली म्हणाली. नातीनं मागे घेतलं. "परत मागे घे." असं पाच वेळा झालं.

पुढचं दृश्य मात्र तिला सोसलं नाही. मालक टेबलाशी येतो, टोक बघून खूश होतो, चष्मेवालीची पाठ थोपटतो. आणि चष्मेवाली म्हणते, युक्ती माझी नाही, हिची आहे. दोघी हसतात. शेवटचं गाणं लागतं.

"खोटं," कॉलरवाली म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी इतकी आपटली की नात घाबरून मागोमाग आली.

मग पंचेचाळीस वर्षं दाताखाली धरलेलं तिनं नातीला सांगितलं. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. एका दुपारी चुकून धागा अडकला आणि हाताला उमगलं. तिनं ती एकट्या काजवालीला दाखवली. दोघींचा डबा एक, बाकावरची उशी एक. कॉलरवालीला भावाची पत्रं यायची ती काजवालीच वाचून दाखवायची, कारण ती सातवी शिकलेली. मग कॉलरवाली बाळंतपणाला गेली, याच धाकट्या लेकाच्या. तीन महिन्यांनी परत आली तर काजवालीच्या हातात शिट्टी आणि गळ्यात सुपरवायझरचा बिल्ला. तिनं धाग्याची युक्ती कागदावर चित्र काढून, खाली स्वतःचं नाव घालून मालकाला दिली होती. कॉलरवाली मालकाकडे गेली. मालकानं एकच विचारलं, तुझ्याकडं लेखी काही आहे का? काजवाली तिथंच उभी होती. तिनं मान खाली घालून सांगितलं, बाळंतपणानं हिचं डोकं जरा फिरलंय. आठवड्यात कॉलरवालीला कॉलरवरून काढून बटणं मोजायला बसवलं. महिन्याभरात तिनं नोकरी सोडली.

"केसानं गळा कापला माझा," कॉलरवाली म्हणाली. "आणि वर वेडी ठरवलं."

नातीला जे दिसलं ते ती बोलली. "पण आजी, मालिकेतल्या पोरीलाही ही युक्ती येते. म्हणजे जगात बऱ्याच जणींना येत असेल. मग ती तुझी कशी?"

हे कॉलरवालीला सुईसारखं लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली आणि सकाळी चहाच्या कपासमोर म्हणाली, युक्ती जगाची असू दे. त्या कारखान्यात ती माझ्या हातानं आली. आणि वेडी मी नव्हते. तेवढं काजवालीच्या तोंडून चार माणसांत वदवून घेतल्याशिवाय मी मरायची नाही, आणि तिलाही मरू द्यायची नाही.

मालकाचा तो प्रश्न तिच्या डोक्यातून कधी गेला नव्हता. लेखी काही आहे का. प्रौढांच्या वर्गात अ-आ गिरवताना सगळ्या बायका बसच्या पाट्या वाचायला शिकत होत्या, ही मात्र एक कागद लिहायला शिकत होती. चौदा वर्षं तो कागद मनात होता. आता बसून लिहिला. सहा दिवस लागले. नातीनं टाइप करून देते म्हटलं, तर नको म्हणाली. हात माझा दिसला पाहिजे.

शिवाय तिच्याकडं पुरावा होता. काजवालीनं युक्ती चोरली, पण अर्धीच. कॉलरवालीनं दाखवलं ते तिनं टेबलापलीकडून पाहिलेलं, धागा घालायचा आणि ओढायचा एवढंच तिला दिसलं होतं. शेवटी एक शेपूट धरलं की धागा सुटतो, हे दिसलं नव्हतं. ती टोक बाहेर आलं की धागा कात्रीनं कापून टाकायची आणि सगळ्या कारखान्याला तसंच शिकवलं. तुकडा टाक्यात अडकून राहायचा. चार धुण्यांनंतर तो टोकातून बाहेर डोकवायचा, मांजराच्या मिशीसारखा. लोक त्या कारखान्याच्या मालाला मिशीवाले शर्ट म्हणून हसायचे, पण का ते कुणालाच कळलं नव्हतं. कॉलरवालीला पहिल्या मिशीतच कळलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. जुन्या कपड्यांच्या ढिगातून असे पाच शर्ट शोधून ट्रंकेत ठेवले आणि अधूनमधून काढून बघायची. दुसऱ्या बायका दागिने बघतात तसे.

काजवालीचं घर चार गल्ल्या सोडून होतं. खालच्या खोलीत तिची सून शिवणाचा क्लास चालवायची. सहा मशीन, सहा मुली, आणि कोपऱ्यात खुर्चीवर काजवाली. तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. भिंतीवर मालकानं तिच्या गळ्यात हार घातल्याचा फोटो. ऑगस्टमधल्या एका दुपारी कॉलरवाली नातीला घेऊन तिथं गेली. सुनेनं "या मावशी" म्हणून खुर्ची दिली. कॉलरवाली बसली नाही.

"कोण आलंय?" काजवालीनं विचारलं.

"कॉलरवाली. कागद वाचून दाखवायला आलेय. तू मला पुष्कळ वाचून दाखवलंस. आता फेड करायची आहे."

मशीनं थांबली. कॉलरवालीनं कागद उघडला आणि वाचायला सुरुवात केली. ती एकेक शब्दावर बोट ठेवून वाचायची, त्यामुळे प्रत्येक शब्द वेगळा पडत होता, दगड पडावा तसा. उशी. डबा. बाळंतपण. शिट्टी. डोकं फिरलंय. एका मुलीला हसू आलं, मग तिनं ते गिळलं. सून मधे बोलायला गेली तर काजवालीनंच हात करून तिला थांबवलं.

वाचून झाल्यावर कॉलरवाली म्हणाली, एक कॉलर शीव. सुनेनं सांगितलं, त्यांना दिसत नाही. कॉलरवाली म्हणाली, हाताला दिसतं.

काजवालीनं शिवली. खरोखरच हाताला दिसत होतं. तिनं चाचपत मशीन चालवलं, धागा घातला, कॉलर उलटवली, टोक ओढून काढलं आणि कात्री मागितली.

"कात्री कशाला?"

"धागा कापायला."

मग कॉलरवालीनं पिशवीतले पाच शर्ट टेबलावर टाकले. दहा टोकं, दहा मिशा. तिनं काजवालीचं बोट धरून एकेका मिशीवरून फिरवलं, घाई न करता. मुली उठून भोवती जमल्या. सून फोटोखाली उभी होती. ती आपल्या विद्यार्थिनींच्या कॉलरी उचलून बघू लागली, कारण तिनंही त्यांना तसंच शिकवलं होतं.

"मला वाटायचं, तो आतच राहायचा असतो," काजवाली म्हणाली. "टोक धरून ठेवायला."

"जिची युक्ती असते तिला वाटावं लागत नाही."

काजवाली बराच वेळ बोट शर्टावरून फिरवत राहिली. मग तोंड मुलींच्या आवाजाच्या दिशेला वळवलं आणि सांगितलं, ही म्हणते ते खरं आहे. युक्ती हिची. हिचं डोकं फिरलं नव्हतं, ते मी रचून सांगितलं. मला बिल्ला हवा होता. यात रडणं नव्हतं, माफी नव्हती. हिशेब विचारला, तो दिला, असं बोलली.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मागितलं होतं ते आज मिळालं. कॉलरवालीनं कागद घडी करून सुनेच्या हातात दिला. भिंतीवर लाव म्हणाली.

ती निघणार तेवढ्यात काजवालीनं तिचा पदर धरला. "तो धागा सुटतो कसा, ते एकदा माझ्या हातात देऊन दाखव."

"नाही."

"अगं, आता मी कुणाला सांगणार आहे?"

"तेव्हाही मला असंच वाटलं होतं."

पण मुलींना तिनं शिकवलं. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, काजवालीकडं पाठ करून बसली आणि अगदी हलक्या आवाजात सहाही जणींच्या हातून धागा सोडवून घेतला. सुनेलाही बजावलं, की हे सासूला सांगायचं नाही. सांगितलंस तर मला कळेल. काजवाली मान पुढं काढून ऐकायचा प्रयत्न करत होती. कॉलरवालीला ते पाठीला जाणवत होतं आणि बरं वाटत होतं.

घरी येताना नातीनं विचारलं, आजी, दाखवलं असतंस तर काय बिघडलं असतं? कॉलरवाली म्हणाली, काही बिघडलं नसतं, म्हणूनच नाही दाखवलं. मग मालिकेबद्दल आपलं मत तिनं तोंडी सांगितलं आणि नातीनं ते जसंच्या तसं पानावर घातलं: शिवणकाम खरं आहे, हात खरे आहेत. मैत्रीचं आत्ताच सांगता येत नाही. पहिले तीन भाग सगळेच बरे वागतात.

त्यानंतर सुनेचे फोन येऊ लागले. सासूबाई दिवसभर कापडाच्या तुकड्यांची टोकं शिवतात आणि धागा ओढतात. तो तुटतो तरी किंवा अडकतो तरी. जेवत नाहीत नीट. मुलींना विचारतात, मुली शब्दाला जागून गप्प बसतात. मावशी, एकदाच येऊन जा. कॉलरवाली दर वेळी ऐकून घ्यायची, बघते म्हणायची आणि फोन ठेवायची. सहाव्या फोनला नातच म्हणाली, आजी, मी जाऊन दाखवू? कॉलरवालीनं तिच्याकडं असं बघितलं की पोरगी पुन्हा बोलली नाही. कॉलरवाली गेली नाही.

काजवाली त्याच वर्षी ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला, बुधवारी सकाळी वारली. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती.