एक पाय अनवाणी

लाल बूट. एक पायात, दुसरा हातात, नाडी सुटलेली… मांडीवर घेतलेल्या बुटाच्या कातड्यात टाका घालता घालता लव्हायनाची नजर पुन्हा भिंतीकडे गेली आणि सुई बोटात शिरली. दिवसभर बूट शिवायचे तिने, आणि कौतुक त्या चित्रातल्या चार वर्षांच्या पोरीच्या बुटाचं.

फिरता चितारी दारात आला तेव्हा पोर जाऊन दोन दिवस झाले होते. गेलेल्या मुलाचा एक पाय अनवाणी काढायचा, ही इकडची रीत. पुढच्या वर्षी मी झाले आणि तिचंच नाव मला ठेवलं – तीही रीतच. थोरलीचे कपडे धाकटीला, तसं नावही. आई रोज सकाळी चौकट पुसते, पुसताना हलकेच म्हणते, लव्हायना, माझी सोनी… आणि चुलीपाशी मी ‘ओ’ देता देता गप्प होते. वीस वर्षं! मेलेल्या पोरीवर जळतेस, मीच मला विचारते, लाज नाही वाटत? नाही वाटत. ती कधी दूध सांडत नाही, उलटून बोलत नाही, मोठीसुद्धा होत नाही.

दुपारी नव्या पाद्र्यांची बायको आली, बॉस्टनची. चहा घेताना तिने आईला विचारलं, ‘‘थर्लोबाई, किती गोड मुलगी! कोण हो ही?’’

‘‘मी,’’ लव्हायना बोलून गेली.

पाहुणी उठून चित्राजवळ गेली. असा पाय तिने आणखी कुठल्या घरी पाहिला असावा. ‘‘पण हा एक पाय…’’

आईचा हात किटलीवर थांबला. आता आई खरं सांगणार – आणि रविवारी चर्चमध्ये सगळे माझ्याकडे बघणार. लव्हायनाने मान खाली घातली.

‘‘त्या दिवशी बूट घालूनच घेईना,’’ आई म्हणाली. ‘‘भारी हट्टी होती. अजून आहे.’’

पाहुणी हसली, थोड्या वेळाने गेली. आई रागावली नाही. पाठमोरी उभी राहून कप विसळत राहिली, एकच कप, कितीतरी वेळ. जिंकले मी, असं लव्हायनाने मनाशी म्हणून पाहिलं… पण आईने त्या पोरीला एका वाक्यात नाकारलं होतं, माझ्यासाठी. आता तिला या घरात कोण होतं? हेवा शोधला तर सापडेना, आणि त्याच्याशिवाय फार एकटं वाटलं.

‘‘लव्हायना,’’ आईने हाक मारली.

‘ओ’ ओठांवर आली आणि ती थांबली – भिंतीकडे बघत, चित्रातल्या पोरीला आधी ‘ओ’ देऊ देत.