राखीव चूक

मास्तर व्हायला काय लागतं ते मी बुलढाण्यात इतक्या जवळून पाहिलं आहे, की अजूनही कोणी ऐटीत 'ट्रेंड मास्तर', म्हणजे ट्रेनिंग पास झालेला मास्तर, म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिथल्या ट्रेनिंग क्लासाला लागून सरावाची शाळा होती आणि तिच्या चौथीचा मी मास्तर होतो. म्हणजे गावोगावचे उमेदवार ज्या पोरांवर शिकवण्याचा हात बसवायचे, ती पोरं माझी. 'कापसाचे झाड' हा पाठ त्यांनी इतक्यांदा ऐकला होता, की उमेदवाराने खिशातून बोंड काढायच्या आत मागच्या ओळीतून कोणीतरी 'कापूस!' म्हणून ओरडायचं आणि तो बिचारा घामाघूम व्हायचा.

त्या साली नागपूरहून हुकूम सुटला. ज्या गावच्या शाळेला पाचवीपासूनचे मिडलचे वर्ग जोडले जातील, तिथे सर्टिफिकेट असलेलाच मास्तर राहील. बाकीच्यांनी घरी बसावं. देऊळघाटच्या शाळेला जूनपासून हे वर्ग मिळणार होते. गावात त्याचा केवढा आनंद झाला होता! पण तिथे दहा-अकरा वर्षं एकहाती शाळा चालवणाऱ्या उद्धव मास्तराकडे सर्टिफिकेट नव्हतं.

उद्धव लेखी परीक्षेत कधी अडला नाही. अडायचा तो प्रात्यक्षिकात. परीक्षक खुर्चीत येऊन बसले की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. दोनदा तो असाच नापास झाला होता. तिसऱ्यांदा बसता येत होतं, पुढे दार बंद; म्हणून शाळेवर बदली माणूस ठेवून तो त्या साली पुन्हा क्लासाला आला होता. त्याची बायको प्रेमला शाळेलगतच्या मास्तरच्या खोलीत संसार थाटून होती, आणि ती खोलीही शाळेचीच. सर्टिफिकेट गेलं म्हणजे नोकरी गेली आणि डोक्यावरचं छप्परही गेलं, इतका सरळ हिशेब होता.

त्याच्यासोबत त्या वर्षी क्लासात मलकापूरचा फकीर मोहम्मद होता. घरी बापाचा पिंजाऱ्याचा धंदा, गाद्या भरायचा. हा मराठी शाळेत शिकून थेट ट्रेनिंगला आलेला, वयाने उद्धवपेक्षा बराच लहान. पण दोघांचं मैत्र असं जमलं होतं की पाहणाऱ्याला सख्खे भाऊ वाटावेत. एका खोलीत राहायचे, एका चुलीवर रांधायचे आणि दिवसभर एकमेकांना दोस्तीतल्या 'बे' शिवाय हाक मारायचे नाहीत. मोहम्मद माझ्याकडे येऊन म्हणायचा, "रमाकांतजी, उद्धवच्या पाठाले जरा हुशार पोरं बसवजा हो. लय घाबरून राह्यला तो."

आता त्या परीक्षेतली एक गंमत सांगितली पाहिजे. गंमत कसली, सगळी नासाडी तिनेच केली. पाठ एकट्याने द्यायचा नसे. मागच्या बाकावर दुसरा उमेदवार टीकाकार म्हणून बसे. पाठ संपला की त्याने उभं राहून दोन गुण आणि एक दोष सांगायचा. त्याचे त्यालाही मार्क. आणि 'दोष काही दिसला नाही' म्हणणाऱ्याला टीकेत शून्य, कारण निर्दोष पाठ असूच शकत नाही असं साहेब लोकांचं मत होतं. मग उमेदवारांनी काय करावं? त्यांनी जुन्या काळापासून एक पद्धत पाडली होती. पाठ देणारा आधीच टीकाकाराला सांगून ठेवी की मी अमुक एक लहानशी चूक मुद्दाम करीन, तू तेवढीच दाखव. देणाऱ्याचा एखादा मार्क जाई, टीकाकाराला पुरे मिळत, आणि कोणाचं मन दुखत नसे. तिला ते राखीव चूक म्हणत. शिकवणाऱ्या मास्तरांनाही हे ठाऊक होतं. तेही याच वाटेने पास झाले होते.

उद्धव आणि मोहम्मदने ठरवलं होतं की उद्धव एकदा फळ्यावर लिहून त्याच अक्षरांपुढे उभा राहील. मोहम्मद उठून म्हणेल, मास्तर फळ्याच्या आड आले, मागच्या मुलांना दिसलं नाही. हे वाक्य मोहम्मदने इतकं पाठ केलं होतं की चुलीपुढे पोळ्या भाजतानाही ते पुटपुटायचा.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक साहेब परगावहून आले. वय झालेले, कोट-पगडीतले, बोलणं मऊ. ओरडणारा माणूस परवडतो, मऊ बोलणाऱ्याची मला भीती वाटते. चिठ्ठीत उद्धवला भूगोल निघाला, 'नद्यांची दिशा'. मी वर्गाच्या दाराशी उभा होतो. उद्धवचा चेहरा पाहून मला वाटलं, झालं, हा आता याही वेळी नापास.

उद्धवने पोरांकडे पाहिलं. विषयाची प्रस्तावना करायची असते, ती तो साफ विसरला. एका पोराला म्हणाला, "तुही पाटी दे बरं." दुसऱ्याचीही पाटी घेतली. दोन्ही पाट्या टेबलावर एकमेकींना टेकवून छपरासारख्या उभ्या केल्या आणि म्हणाला, "हे आपलं बुलढाणं. आपण या आढ्यावर बसलो आहोत." मग पिण्याच्या पाण्याचा लोटा उचलून त्याने बरोबर आढ्यावर धार धरली. पाणी दोन्हीकडे पळालं. "इकडचं पाणी नळगंगेत जातं. नळगंगा मलकापुरावरून खाली पूर्णेत, पूर्णा तापीत, आणि तापी मावळतीच्या समुद्राला. तिकडचं पैनगंगेत जातं. ती देऊळघाटावरून निघते ती उगवतीच्या समुद्रापर्यंत. एकाच ढगाचं पाणी आहे. आढ्याच्या कोणत्या अंगाला पडलं, एवढाच फरक."

माझी पोरं, ज्यांना कशाचंच नवल उरलं नव्हतं, ती चटयांवर उभी राहिली. एकाने विचारलं, "मास्तर, बरोबर मधोमध पडलं तं?" उद्धव हसला. परीक्षेत हसलेला तो मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणाला, "चल, टाकून पाहू." आणि ती सगळी टेबलाभोवती गोळा होऊन एकेक थेंब आढ्यावर सोडू लागली, कोणता थेंब कुठे जातो यावर भांडू लागली. त्याने त्यांच्याकडूनच काढून घेतलं की नदीला वाट तिच्या मनाने नाही, उताराने मिळते. साहेब खुर्चीतून उठून दोन पावलं पुढे आले होते. मी आजवर शेकड्यांनी पाठ पाहिले. असा पाठ मी पुन्हा पाहिला नाही.

घंटा झाली. साहेब परत बसले, मागे पाहून म्हणाले, "टीकाकार."

फकीर मोहम्मद उभा राहिला. त्याचे डोळे अजून टेबलावरच्या पाण्यावर होते. दोन गुण त्याने बरोबर सांगितले. मग पाठ केलेलं वाक्य धडाधड बोलला. "दोष असा की मास्तर फळ्यावर लिहून त्याच्या आड आले, त्यामुळे मागच्या मुलांना अक्षरं दिसली नाहीत."

साहेबांनी सावकाश मान वळवून फळ्याकडे पाहिलं. फळा कोरा होता. सकाळी पुसून ठेवला तसाच. खडूला उद्धवने हातही लावला नव्हता. आणि हाच खरा दोष होता, सांगायला आयता समोर उभा! 'फळा वापरला नाही' एवढं मोहम्मद म्हणाला असता तर दोघेही पास झाले असते. पण ठरलेल्या चुकीपलीकडे त्याला त्या घडीला दुसरं काही सुचलंच नाही.

"कोणती अक्षरं?" साहेबांनी मऊ आवाजात विचारलं.

मोहम्मद पांढराफटक पडला. त्याने आता कुठे फळ्याकडे पाहिलं. साहेब उद्धवकडे वळले. "तुम्ही फळ्यावर काही लिहिलंत?"

त्याने फक्त 'नाही' म्हणायचं होतं. खरंही तेच होतं. खोटी टीका केली म्हणून मोहम्मदची वाट लागली असती आणि उद्धव निभावला असता. पण त्याने मोहम्मदकडे पाहिलं आणि सगळं ओकला.

"साहेब, त्याचा काही कसूर नाही. हे आमचं ठरलं होतं. मीच त्याले म्हटलं होतं, असं असं म्हणजो म्हणून. शिकवण्याच्या नादात माहीच चूक करायची राहून गेली."

त्याला वाटलं असावं, खरं बोललं की साहेब समजून घेतील. इतका भोळा माणूस मिडल स्कूलच्या लायकीचा नव्हता, हे मात्र खरं! साहेबांनी मार्कांचा कागद मिटून ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे परीक्षकाला फसवायचं तुम्ही ठरवलं, आणि तेही तुमच्या हाताखालच्या मुलाला पुढे करून." मोहम्मद त्याच्या हाताखालचा नव्हता, पण वय पाहून साहेबांना तसं वाटलं असेल.

इतर उमेदवार भिंतीला टेकून उभे होते. त्यातल्या प्रत्येकाची राखीव चूक ठरलेली होती. एकाचीही मान वर झाली नाही. मला राहवलं नाही. मी आत जाऊन म्हणालो, "साहेब, माफ करा, पण पाठ आपण पाहिलात. पोरं पाहिलीत."

"पाठ पाहिला," साहेब म्हणाले. "चांगला होता. पण मी सर्टिफिकेट पाठाला देत नाही, माणसाला देतो." आणि त्यांनी पुढचा उमेदवार बोलावला.

मोहम्मदला टीकेत शून्य मिळालं, बाकीच्या मार्कांवर तो पास झाला. उद्धव प्रात्यक्षिकात नापास, वर वर्तणुकीवर काळा शेरा. खोलीतून त्याने आपलं अंथरूण उचललं तेव्हा मोहम्मद दारात पाठ फिरवून बसला होता. उद्धव तसाच त्याच्या बाजूने निघून गेला.

जूनमध्ये नेमणुका निघाल्या. देऊळघाटच्या मिडलला मास्तर हवाच होता, आणि जिल्ह्यात नवे पास झालेले थोडे. फकीर मोहम्मदला हुकूम आला, देऊळघाट. तो माझ्याकडे धावत आला. "नाही म्हणतो मी, रमाकांतजी. कोणत्या तोंडानं जाऊ तठी?"

मी त्याला सांगितलं की तू नाही म्हटलंस तर दुसरा कोणी जाईल, उद्धवला काही ती जागा परत मिळणार नाही, आणि तुझं नाव मात्र कायमचं कटेल. बरोबरच सांगितलं मी, अजूनही तेच सांगेन. त्याला एकट्याने जायचा धीर होईना म्हणून मीही सोबत गेलो.

मास्तरच्या खोलीपुढे बैलगाडी उभी होती, तिच्यात भांडीकुंडी बांधून ठेवलेली. प्रेमला आत होती. एरवी मी गेलो की आधी चहा ठेवणारी बाई, ती त्या दिवशी बाहेर आली नाही. कपाशीची पेरणी चालली होती तरी शाळेत पोरं बरीच जमली होती. त्यांना वाटत होतं, गुरुजी कुठेतरी आठ दिवसांसाठी चालले आहेत.

उद्धवने नकाशे दाखवले, हजेरीपट दिला, किल्ली दिली. "पाचवीत ही पोरं आहेत. यातली दोघं गणितात कच्ची आहेत, त्यायच्याकडे लक्ष द्याजा. आणि पाण्याचा रांजण रोज धुवाले सांगा, मास्तर."

मोहम्मदला ते सहन झालं नाही. "काऊन असा बोलून राह्यला रे? मी मोहम्मद आहो. शिव्या दे मले, पण 'मास्तर' नको म्हणू."

"पास झालेल्या माणसाले काय म्हणतात मंग?" उद्धव शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणाही नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तो गाडीकडे निघाला. जुवावर हात ठेवून थांबला, आणि मान न वळवताच विचारलं, "एक सांगाजा. तो पाठ कसा झाला होता? मले काहीच याद नाही. घरी बायको विचारते, मले सांगता येत नाही."

मोहम्मदने किल्ली दोन्ही हातांत घट्ट धरली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही. "उद्धव, मी पोरासारखा पाहत बसलो होतो. टीका करायची आहे, हेच विसरलो. त्याच्यात दोष काय पाहू बे? दोष दिसलाच नाही मले."

आता उद्धव वळला. परीक्षेनंतरच्या चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याने मोहम्मदच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"मंग तसंच म्हणायचं होतं ना बे साहेबाले," तो म्हणाला, आणि प्रेमलाला हाक मारायला आत गेला.