फ्रीजच्या खोक्याची भिंत

दोन हजार अठरा साल. आमच्या पिंपळनेरकडच्या गावात सरकारी घरकुलासाठी कच्च्या घरांचे फोटो काढायला माणूस येणार होता, आणि शेजारच्या द्रौपदाबाईने नेमकी त्याच आठवड्यात भिंत रंगवायला काढली.

भिंत म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड. नवरा पितांबर गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. माती गळून वारा आरपार जायचा. मुलगा जीवन फ्रीज-टीव्हीच्या दुकानात हमाल. गिऱ्हाईक फ्रीज घरात घेतं नि खोका अंगणात टाकतं. तो खोका जीवन सायकलला बांधून आणायचा. द्रौपदाबाई काडी वाया न घालवणारी. तिने खोके उभे चिरून कुडाला आतून-बाहेरून लावले, त्यांच्याच प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळले, वर शेणमातीचा हात दिला. पत्र्याखाली थर्माकोल खोचला. टीव्हीला गुंडाळून येतं ते फुग्यांचं प्लास्टिक उशीत भरलं. मान टेकली की फटफट वाजायचं नि आम्ही दोघी म्हाताऱ्या हसायचो. उन्हाळ्यात माझ्या स्लॅबपेक्षा तिच्याकडे गार वाटे.

घरकुल मिळालं तर जीवनचं लग्न जमणार होतं. साक्रीकडची प्राची पसंत होती. तिच्या बापाचं एकच म्हणणं, आधी विटांचं घर दाखवा.

गल्लीतल्या चुडामणने द्रौपदाबाईच्या हातात चुन्याची बादली पाहिली नि थांबला.

"वहिनी, चुना कसाले लाई राह्यनी? भीत पडेल दिसाले जोयजे. ते खोका काढी फेक."

"भाऊ, दारमा येनारा मानूसले पडेल घर दखाडू?"

"सोयरा नही तो. सरकारना मानूस शे."

"मानूसच शे ना."

आमच्याकडची रीतच ती. कोणी येणार कळलं की आधी भिंत, मग उंबरा, मग स्वतःची वेणी. तिने चुन्यात नीळ घातली, बाबासाहेबांच्या तसबिरीला ताजा हार घातला आणि धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी राहिली.

माणूस आला. चहा प्याला. मोबाईल वर धरून फोटो घेतला नि म्हणाला, "आजी, घर तर पक्कं दिसतंय."

"पक्कं कोठे, साहेब? फ्रीजना खोका शे तो. हात लाई दखा."

त्याने बोट दाबलं. भिंत आत गेली. वाईट त्यालाही वाटलं असावं. "मला कळलं हो," तो म्हणाला, "पण वरचे लोक फोटो बघतात. फोटोला बोट लावता येत नाही."

तिने कोनाड्यातला विळा उचलला, आत्ताच फाडून दाखवते म्हणाली. तो म्हणाला, फोटो पुढे गेला, आता मागे येत नाही. तिचा चहा मात्र चांगला झाल्याचं सांगून गेला.

संध्याकाळी जीवनने ऐकलं. एक लाथ घातली, भिंतीला भोक पडलं. "माय, तुन्ही हौस नडनी," एवढंच बोलला नि सायकल घेऊन निघून गेला.

पुढे प्राची नाशिककडे दिली. तिला दोन मुलं आहेत म्हणतात. चुडामणचं दगडी घर होतंच, पण त्याने बायकोला गोठ्यापुढे उभं करून फोटो काढवला होता. त्याला घरकुल मिळालं. त्यात तो कडबा भरतो. जीवन सुरतेला गेला, तिथेच एका खोलीत पाच-सहा जणांबरोबर राहतो. दिवाळीला येतो, येतो म्हणतो.

भोकातून पाणी शिरलं नि दुसऱ्या पावसाळ्यात सगळा कूडच बसला. द्रौपदाबाईला मी माझ्या पडवीत आणलं. परवा पुन्हा फोटो काढायला एक मुलगी आली. राहता तिथेच उभ्या राहा, म्हणाली. मी तिला पडलेली जागा दाखवली, घर माझं आहे, ही पाहुणी आहे, असं परोपरीने सांगितलं. ती म्हणाली, "अक्का, राहतात कुठे ते सांगा."

द्रौपदाबाईने पदर सारखा केला आणि माझ्या स्लॅबच्या घरापुढे उभी राहिली.