गुण्याखालचा उजेड

पहिली बाजू

उजेड दिसला. केसाएवढाच, पण दिसला.

वर्कशॉपच्या भेरे सरांनी संघरत्नाचा जॉब खिडकीकडे धरला होता. जॉब म्हणजे हाताच्या पंजाएवढा लोखंडी तुकडा. त्याच्या दोन कडा घासून मधला कोपरा नेमका काटकोनात आणायचा, एवढंच नववीचं काम. कोपऱ्याला गुण्या, म्हणजे दांड्याच्या खोबणीत पातं बसवलेलं काटकोनाचं माप, लावायचा. पात्याखालून उजेड आला नाही तर पास.

"नापास," सर म्हणाले.

"सर," संघरत्ना म्हणाली, "पूजेच्या आदल्या दिवशी मी बघितला होता. उजेड नव्हता."

"तेव्हा नव्हता. आता आहे."

शेणव्याच्या शाळेतून दोघांना दिवाळीच्या सुट्टीत मुरबाडच्या कारखान्यात पंधरा दिवस शिकायला घेणार होते. तिथे मशीनवर हात बसला की दहावीनंतर पहिला विचार त्यांचाच. यादी आजच जायची होती. सापगावहून रोज सायकल मारत येणाऱ्या संघरत्नाने त्या तुकड्यावर तीन आठवडे कानस चालवली होती.

लोखंड चार दिवसांत आपोआप वाकडं होत नाही. जॉब कपाटात होता. कपाटाची किल्ली मॉनिटरकडे, आणि मॉनिटर प्रणय. प्रणयचा जॉब आत्ताच पास झाला होता.

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने खिशावर हात ठेवला.

दुसरी बाजू

हेच पुन्हा, प्रणयच्या टेबलावरून.

ही पोरगी दोन दिवसांपासून कपाटाच्या कुलुपाकडे बघतेय. का?

खंडेनवमीला सरांनी हत्यारं सुटी करायला लावली, तेल लावलं, टेबलावर मांडली. हळद, कुंकू, फुलं. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. संघरत्ना मागे, जॉब आवळायच्या व्हाइसपाशी, हात पाठीमागे बांधून उभी. "आमच्यात नसतं, सर," म्हणाली. सर म्हणाले, "बरं, उभी राहा." वर्गातली कुणाली मात्र फिसकन हसली, "आता हत्यारं रुसतील गो हिच्यावर!"

मग हत्यारं पुन्हा जोडून कपाटात कोणी ठेवली? प्रणयने. म्हणजे काही बिघडलं तर नाव कोणाचं? प्रणयचं. ती बिघडवणार, आणि त्याच्यावर ढकलणार. एवढं न कळायला तो खुळा नव्हता.

म्हणून त्याने आपला जॉब कपाटात ठेवलाच नाही. दसऱ्यानंतर घासायला घेतला तो दोन दिवस खिशातच. पँटला तेलाचा चौकोनी डाग पडला. आई म्हणाली, "खिशात काय भजी घेऊन फिरतोस का रे?"

आणि आता ती बघतेय. सरळ खिशाकडे.

फट

संघरत्ना जॉब घेऊन खिडकीपाशी गेली. कोणी घासला असेल तर खुणा असतीलच. शेवटचा हात ती कानशीला खडू लावून तिरपा फिरवते. वर्गात दुसरं कोणी तसं करत नाही.

रेघा तिरप्या होत्या. सगळ्या. तिच्याच.

म्हणजे जॉबला कोणी हात लावला नव्हता. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. प्रणय नाही, तर मग कोण?

ती परत आली. "सर, गुण्या द्या ना जरा."

"जॉब झालाय बघून."

"जॉब नाय बघायचा. गुण्याच बघायचाय."

"आता हत्यारावर डाउट!" कुणाली म्हणाली. वर्ग हसला.

सर हसले नाहीत. गुण्या तपासायचा कसा हे जूनमध्ये त्यांनीच शिकवलं होतं. नंतर कोणी केलं नव्हतं. त्यांनीही.

तिने खडू फासलेला पत्रा घेतला. त्याच्या सरळ कडेला गुण्या टेकवून एका ठिपक्यापासून सुईने रेघ मारली. मग गुण्या उलटा केला, त्याच ठिपक्यापासून दुसरी मारली. खरा गुण्या असेल तर रेघेवर रेघ बसते.

दोन रेघा उघड्या कात्रीसारख्या फाकल्या.

सरांनी स्क्रू ढिला केला. गुण्याचं पातं खोबणीतून ओढून काढलं. खोबणीतून काहीतरी टेबलावर पडलं. तांदळाचा अर्धा दाणा. चपटा, लाल.

"हिनंच घातला असंल," प्रणय लगेच म्हणाला. "परवापासून कपाटाकडं बघतेय."

"माझा जॉब होता आत, म्हणून बघत होते. किल्लीशिवाय कपाटात हात कसा घालू रे?"

"गप्प," सर म्हणाले. "अक्षता कोणी कोणी टाकल्या?"

हात वर झाले. एक सोडून सगळे.

"तिनं घेतल्याच नव्हत्या, सर," कुणाली खाली बघत म्हणाली. "आमी हसलो ना तिला."

सरांनी प्रणयकडे बघितलं. "गुण्या तू जोडलास?"

"हो."

"खोबण पुसली होतीस?"

"पूजेचं कुंकू पुसतात का, सर? तुमीच सांगितलं ना, पुसू नका."

सरांनी चिंधी घेऊन खोबण पुसली. कुंकू निघेपर्यंत, मग आणखी एकदा. पातं बसवलं, स्क्रू आवळला आणि संघरत्नाच्या जॉबकडे हात केला.

तिने जॉब दिला नाही.

"थांबा, सर. आधी उलटा करून."

"अगं, आत्ता तुझ्यासमोर पुसला."

"हो. तरी पण."

सरांनी स्वतः रेघ मारली, गुण्या उलटला, दुसरी मारली. एकच रेघ दिसली.

मग जॉब. कोपरा काळाकुट्ट. उजेड नाही.

मग प्रणयचा, खिशातला, अंगाच्या उबेने गरम झालेला. वाकड्या गुण्यावर तंतोतंत बसवलेला. पात्याखालून उजेडाची रेघ लख्ख आली.

सरांनी यादीवर पहिलं नाव संघरत्नाचं लिहिलं. दुसरी ओळ मोकळी ठेवली. "चारपर्यंत मी आहे. ज्यांनी दसऱ्यानंतर घासलेत त्यांनी सगळ्यांनी पुन्हा घासा. चूक माझी आहे."

प्रणयने जॉब व्हाइसमध्ये आवळला. थोडं घासून झाल्यावर मागे न बघता हात पुढे केला. "गुण्या."

संघरत्नाने दिला.

त्याने तो जॉबला लावला नाही. आधी पत्रा घेतला, रेघ मारली, गुण्या उलटा केला आणि तिच्याकडे तिरकं बघत दुसरी रेघ मारली.

"बघ, बघ," ती म्हणाली. "मी पण उलटा करून बघितलाय."