फाईलमधलं पाचवं नाव

व्यंकटरावांच्या घरी कुणाचं अंग गरम झालं, की औषधाच्या आधी वाद सुरू व्हायचा. वाशिमला न्यायचं की हिंगोलीला? त्यांचं गाव कनेरगाव नाक्याला लागूनच. नाक्यावर दोन्हीकडच्या गाड्या मिळतात, त्यामुळं जी गाडी आधी आली तिकडचा डॉक्टर, असा त्यांचा हिशेब झाला होता. खोकला हिंगोलीला, गुडघा वाशिमला. दोन दिवसांत उतार पडला नाही की, "ह्याच्या हाताला गुण न्हाई," म्हणून तिसराच गाठायचा.

पोळ्याच्या सुमारास सहा वर्षांच्या नातवाला, रुद्रला ताप आला. चार दिवसांत तीन डॉक्टर झाले. ताप उतरला, पण लेकरू पोट धरून रडायला लागलं. तिसऱ्या डॉक्टरांनी आधीच्या बाटल्या मागवल्या तेव्हा कळलं, की एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी त्याच्या पोटात जात होतं!

सून पुनम शांत स्वभावाची, पण त्या दिवशी ती सासऱ्यापुढं उभी राहिली.

"मामा, आता बस झालं. नाक्यावर शितल डॉक्टर हाय. ती घरोघरची फाईल ठेवती. कुणाला काय झालं, काय दिलं, काय सोसत न्हाई, समदं लिहून असतं. आपण तिच्याकडं नाव घालू."

"त्या नेमसिंगच्या पोरीकडं? काल तर शाळेत जात होती!"

"काल न्हाई मामा, पंधरा वर्सं झाली."

मुलगा मुन्नानंही बायकोची बाजू घेतली. व्यंकटराव कुरकुरले, पण नातवाचं पोट धरून रडणं त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच दवाखान्यात गेले.

शितल राठोड ही जवळच्या तांड्यावरची लेक. डॉक्टर होऊन ती परत आली आणि नाक्यावरच दोन खोल्या घेऊन बसली. तिनं व्यंकटरावांपुढं कुटुंबाचा फॉर्म ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश, घोटीव अक्षरांत नावं लिहिली. स्वतःचं, मुन्नाचं, पुनमचं, रुद्रचं. खाली ऐटीत सही ठोकली.

डॉक्टरांनी फॉर्म वाचला.

"काका, घरात चारच माणसं?"

"व्हय. बराबर लिहिलंय."

"भाकरी पुनमताई करतात का?"

"न्हाई, पुनम अंगणवाडीत असती. भाकरी आमची मंडळी करती."

"मग त्यांचं नाव कुठंय?"

व्यंकटराव हसले. "द्वारकाचं? तिला कशाला! तिला काहीच होत न्हाई. चाळीस वर्सं झाली लग्नाला, बाळंतपण सोडलं तर तिनं दवाखान्याची पायरी चढली न्हाई. लई काटक बाई हाय."

हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. शितलनं मात्र फॉर्म तसाच त्यांच्याकडं सरकवला.

"काका, मी घराची नोंद करते. चार माणसांची करत नाही. काकूंचं नाव लिहा, आणि गुरुवारी सगळ्यांनी एकदा तपासायला या. तेव्हाच फाईल उघडीन."

व्यंकटरावांना राग आला. एवढ्याशा पोरीनं आपला फॉर्म परत करावा! पण नाव लिहून ते घरी आले.

द्वारकाबाई तर ऐकायलाच तयार नव्हत्या. "मला काय धाड भरली? गुरुवारी हळदीला पानी द्यायचंय. तुमी जा समदे." शेवटी पुनमनं हाताला धरलं. "आत्याबाई, तुमी न्हाई आल्या तर रुद्रची बी फाईल होत न्हाई." नातवाचं नाव निघालं तशा त्या मुकाट उठल्या.

गुरुवारी चौघांची तपासणी झाली. मग द्वारकाबाई पदर सावरत, अंग चोरून खुर्चीवर बसल्या. शेजारी व्यंकटराव.

"काकू, भूक कशी लागते?"

"चांगली लागती तिला," व्यंकटराव म्हणाले.

"झोप?"

"पडल्या पडल्या घोरती."

"डोकं वगैरे दुखतं का?"

"थोडं फार. फडकं बांधायची सवयच हाय तिला."

शितलनं पेन खाली ठेवला.

"काका, एक विनंती आहे. आता तुम्ही नुसतं ऐका. काकूंना बोलू द्या."

द्वारकाबाईंनी सवयीनं नवऱ्याकडं पाहिलं. ते गप्प होते. मग त्या हळूच म्हणाल्या, "घोरत न्हाई मी. झोपच लागत न्हाई. मानंपासून डोकं ठणकतं. दोन वर्सं झाली."

एकदा बोलायला लागल्या आणि मग थांबेनात. सुईत दोरा ओवता येत नाही. पायऱ्या चढताना छातीत धडधडतं. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत भूक मरून जाते. शितल मधे न बोलता लिहीत होती.

"आन गेल्या सोमवारी," द्वारकाबाई थबकल्या, "पीठ मळता मळता हा उजवा हात मेल्यावानी झाला. परात खाली पडली. बोलाया गेले तर जीभ वळंना. घटकाभरानं आपोआप बरं झालं."

शितल चटकन उठली. तिनं रक्तदाब मोजला. दोन्ही हातांचा मोजला. थोडं थांबून पुन्हा मोजला. आकडा एकशे नव्वदच्या खाली येईना.

"काकू, हे घरी कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलं न्हाई," द्वारकाबाई साधेपणानं म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. तेवढंच खरं होतं.

त्या सोमवारी व्यंकटराव तिथंच तर होते! ताटावर बसून भाकरीची वाट बघत होते. परात पडली तेव्हा ते ओरडले होते, "लक्ष कुठं हाय तुझं?" तिनं उत्तर दिलं नव्हतं, आणि त्यांना वाटलं होतं बाई फुगून बसली. तिला बोलताच येत नव्हतं!

"डॉक्टरीणबाई," ते खुर्चीतून अर्धे उठले, "ही वाचंल ना?"

"वाचतील. वेळेवर आल्यात. पण ही लकव्याची सूचना आहे काका, आजच हिंगोलीला न्यायचं. उद्यावर टाकायचं नाही."

शितलनं तिथूनच फोन लावला. काय झालं, कधी झालं, रक्तदाब किती, सगळं एका कागदावर लिहून मुन्नाच्या हातात दिलं. त्यामुळं हिंगोलीला पोचल्यावर कुणाला पहिल्यापासून सांगत बसावं लागलं नाही. लगेच तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली. द्वारकाबाई चार दिवसांनी आपल्या पायांनी चालत घरी आल्या.

पुढच्या भेटीत व्यंकटराव शितलसमोर खाली मान घालून बसले.

"बाई, चाळीस वर्सं मी लोकांना सांगत आलो, माझी बायको आजारी पडत न्हाई."

"काका, त्या आजारी पडत होत्या. पडून राहायला त्यांना सवड नव्हती, एवढंच. आपल्या पायात काटा मोडला तर आपण दवाखाना गाठतो, आणि बाईनं डोक्याला फडकं बांधलं तर म्हणतो, सवय आहे. तुम्ही मोठा डॉक्टर गावोगाव शोधलात. पण डॉक्टर कितीही मोठा असला तरी घरचं माणूस बोललं नाही तर त्याला काय कळणार? म्हणून जवळचा एक डॉक्टर धरायचा. त्याला घर माहीत पाहिजे, आणि घरातल्या प्रत्येकाला त्याच्यापुढं तोंड उघडता आलं पाहिजे."

व्यंकटरावांनी द्वारकाबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी उचलली आणि कुठली गोळी कधी द्यायची ते नीट विचारून घेतलं.

त्या दिवसापासून घरात बदल झाला. तो काही एका रात्रीत झाला नाही. मीठ कमी केलं म्हणून द्वारकाबाईच पहिल्यांदा रुसल्या. "असलं पांचट कालवण म्हशीला बी चालायचं न्हाई!" लोणच्याच्या बरणीवरून सासू-सुनेची लुटुपुटूची भांडणं झाली. पण गोळी चुकली नाही, कारण ती विचारायचं काम व्यंकटरावांनी स्वतःकडं घेतलं. आणि सगळे एकत्र जेवायला बसू लागले. पहिल्या दिवशी द्वारकाबाईंना घास गिळेना, इतकी लाज वाटली. आठ दिवसांनी त्याच सांगू लागल्या, "अवो, या लवकर, मला भूक लागली."

दिवाळीनंतर डोकं दुखायचं थांबलं. नवा चष्मा आला. महिन्याच्या तपासणीला त्या आता एकट्या जातात. डॉक्टरांशी तासभर काय बोलतात ते व्यंकटरावांना सांगत नाहीत, आणि तेही विचारत नाहीत.

माघात तर गंमतच झाली. द्वारकाबाईंनी गल्लीतल्या चार बायका तपासणीसाठी गोळा केल्या. शेजारच्या मोतीबाई दारातूनच म्हणाल्या, "मला काय झालंय?" तशा द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तेच तर बघायला चाललोय! चल, चप्पल घाल." पाच जणी नाक्याच्या वाटेला लागल्या. हसत, एकमेकींना टाळ्या देत, जशा काही जत्रेला निघाल्या. व्यंकटराव ओसरीवर रुद्रला घेऊन उभे होते. मागं स्वयंपाकघरात पुनमनं भिजवलेल्या पिठाच्या भाकऱ्या आता मुन्ना थापत होता. उघड्या दारातून त्याच्या भाकरीचा आकार पाहून रुद्र खदखदून हसत होता, आणि व्यंकटरावांना फार दिवसांनी मोकळं मोकळं वाटत होतं.

वाचकहो, आपल्या घरातही असं एखादं माणूस असतं, जे कधीच आजारी पडत नाही. बहुतेक वेळा ती बाई असते. तिच्या काटकपणाचं कौतुक करण्याआधी एकदा तिच्याजवळ बसा, विचारा, आणि ती बोलेपर्यंत गप्प राहा. जवळच्या डॉक्टरकडं घराची नोंद करा. ती करताना सगळ्यांत आधी तिचं नाव लिहा. जी सगळ्यांची काळजी घेते, तिची काळजी घेणं हेच घराचं खरं आरोग्य आहे!