माळ्यावरचं गवत

पावसाळा उतरणीला लागला की त्या घरात कुणाला टेकायला फुरसत नसे. कांदे उपटून पडवीत पसरलेले असत. शेंगा वेलावरच वाळून तडकायला लागत. टोमॅटो सकाळी तोडावेत तर संध्याकाळी पुन्हा लाल. या सगळ्यातून वेळ काढून कुरणातलं गवत दुसऱ्यांदा कापायचं, वाळवायचं आणि गोठ्याच्या माळ्यावर चढवायचं. गोठा घराला लागूनच होता, मधे एक भिंत आणि एक दार. त्या गवतावर खालच्या चार गाई थंडीभर जगत.

घरात माणसंही चारच. घरच्या म्हाताऱ्यांना सगळे मुकादम म्हणत. मुकादमकी त्यांनी जन्मात केली नव्हती, पण दुसऱ्याला काम सांगायची हौस दांडगी, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांची थोरली बहीण नवरा गेल्यापासून इथेच राहायला होती, त्या आत्याबाई. मुलगा पहाटे दुधाची गाडी घेऊन जाई आणि उन्हं चढल्यावर परत येई. चौथी सून. गोठा तिच्याकडे होता.

त्या वर्षी गवत कापून पडलं आणि रेडिओवर पावसाचा इशारा आला. मुकादमांनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चढवा."

मुलाने वाकून मूठभर गवत उचललं, पिळून बघितलं. "बाबा, अजून ओलसर आहे. मोडत नाहीये, नुसतं वळतंय. एक ऊन खाऊ दे."

"एक ऊन खाता खाता सगळं पाणी पिऊन बसेल. चढवा म्हटलं ना!"

मुलाने बायकोकडे बघितलं आणि गवताचा भारा उचलला. बापाशी वाद घालायचा म्हणजे अख्खी दुपार घालवायची, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. अंधार पडेपर्यंत गवत माळ्यावर गेलं, आणि जागा पुरावी म्हणून मुकादमांनी स्वतः नाचून नाचून ते दाबून बसवलं.

पाऊस काही आला नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ घासल्या भांड्यासारखं लख्ख, तिसऱ्या दिवशीही तेच. घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त आत्याबाई जेवताना एकदा म्हणाल्या, "काय कडकडीत ऊन पडलंय, नाही?" मुकादम ताट उचलून अंगणात जाऊन जेवले.

पुढचे दिवस बटाटे काढण्यात गेले. मुकादम कुदळ मारत पुढे, सून वेचत मागे, आत्याबाई बांधावर बसून फुटके बटाटे वेगळे काढायच्या आणि प्रत्येक फुटका बटाटा भावाला हात उंच करून दाखवायच्या. "हा बघ. हाही तूच."

एका सकाळी धारा काढताना सुनेला वास आला. गोड वास, करपायला लागलेल्या साखरेसारखा, त्यात थोडा तंबाखू मिसळल्यासारखा. आधी तिला वाटलं, चुलीवर काही राहिलं. घरात जाऊन आली, चूल थंड. परत गोठ्यात आली तर वास तिथेच. शिडीवर चढून तिने माळ्याच्या दारातून हात आत घातला. वरचं गवत गार होतं. कोपरापर्यंत हात खुपसला तेव्हा ऊब लागली, आजारी माणसाच्या कपाळासारखी.

नवरा आल्यावर तिने त्याला अंगणातच गाठलं. "अहो, वरचं गवत तापलंय."

त्याचा चेहरा उतरला. दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या एका गोठ्यात असंच ओलं गवत रचलं होतं. ते आतल्या आत तापत गेलं आणि आपोआप पेटलं. गोठ्याचे नुसते काळे खांब उरले होते.

"किती तापलंय?"

"हात घालवत नाही असं अजून नाही. पण आत खोल काय असेल कोण जाणे."

"बाबांना सांगायला हवं."

"सांगा की."

तो डोकं खाजवत उभा राहिला. "तू सांग. तुझ्यावर जरा कमी ओरडतात."

"अहो, घर पेटायची वेळ आलीय आणि तुम्ही ओरडण्याचं काय घेऊन बसलात!" ती म्हणाली. पण तिलाही ठाऊक होतं, सरळ सांगितलं तर म्हातारा आधी गवत कोरडंच होतं हे सिद्ध करायला बसेल, आणि तेवढा वेळ हातात नव्हता.

तिने पडवीतली पहार घेतली, माळ्यावर चढून ती गवतात जमेल तितकी खोल घातली आणि खाली येऊन गाईंना पाणी दाखवलं. मग पुन्हा वर गेली, पदराच्या घडीत धरून पहार ओढून काढली आणि तशीच मागच्या दारी घेऊन आली. मुकादम तिथे कोयत्याला धार लावत बसले होते.

"बाबा, हे जरा धरता?"

"काय झालं पहारीला?" म्हणत त्यांनी समोर आलेलं टोक धरलं आणि पुढच्या क्षणी पहार दगडावर खणखणली. मुकादमांनी तळहात पोटाशी दाबला. सुनेकडे पाहिलं, मग गोठ्याच्या छपराकडे.

मग ते उठले, मुलाला आणि बहिणीला हाक मारून कामाला लागले, आणि ते काम मात्र त्यांना येत होतं. "गाई सोड आधी. कुरणात नेऊन बांध, जवळ नको. ताई, मधलं दार लावून घे आणि सगळ्या घागरी, बादल्या, पिंप, जे सापडेल ते भर. तू नळी जोड. आणि वरचा झरोका उघडू नका कुणी! वारा लागला की भडकेल."

मुलाने नळी जोडली. मुकादमांनी माळ्यावर दोन लांब फळ्या आडव्या टाकायला लावल्या, कारण आतून जळून पोकळ झालेलं गवत पायाखाली कधी खचेल त्याचा भरवसा नसतो. फळ्यांवर उभे राहून बाप आणि लेक लांब दांड्याच्या काट्यांनी गवत उपसून खाली फेकू लागले; मुलगा मधेमधे नळीचं पाणी मारत होता. खाली सून ते ओढत अंगणाच्या टोकाला न्यायची आणि पसरायची. वरचा थर हिरवट निघाला, मग पिवळा, मग तपकिरी. वाफेने माळा भरला. मुलाने तोंडावर ओला रुमाल बांधला. मुकादमांनी बांधून घेतला नाही.

मधला गाभा लागला तेव्हा गवत काळं होतं आणि हातात घेतलं की भुगा होत होतं. एक गठ्ठा अंगणात पडला आणि सुनेच्या डोळ्यांदेखत पेटला. तिने बादली उपडी केली. पुढचाही पेटला. आत्याबाई विहिरीपासून अंगणापर्यंत बादल्या आणत होत्या. त्यांचे गुडघे दुखतात हे सबंध गावाला तोंडपाठ होतं, पण त्या दुपारी त्यांनी ते कुणाला ऐकवलं नाही.

तेवढ्यात मुकादम फळीवरून पुढे सरकले. शेवटचा गाभा कोपऱ्यात होता आणि काटा पोचत नव्हता. त्यांनी एक पाय खाली टाकला, आणि तो गुडघ्यापर्यंत आत गेला.

"बाबा!"

मुलाने नळी टाकून त्यांना काखेत धरलं आणि मागे खेचलं. दोघेही फळीवर आडवे झाले. चप्पल आतच राहिली. पाऊल लाल होऊन वर फोड यायला लागले होते. मुलाने नळी उचलून आधी बापाच्या पायावर धरली.

"गवतावर मार, गवतावर!" मुकादम ओरडले. "पाय काय पळून जातोय?"

संध्याकाळपर्यंत माळा रिकामा झाला. एक तुळई काळी पडली होती, बाकी छप्पर शाबूत होतं. अंगणाच्या टोकाला ओल्या राखेचा ढीग धुमसत होता. निम्म्याहून जास्त गवत गेलं होतं.

डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधली आणि चालायचं नाही म्हणून बजावलं. मुकादम पडवीत खुर्चीवर, पाय स्टुलावर. तिथून त्यांनी दोन दिवस हुकूम सोडले, मग आवाज कमी कमी होत गेला. आत्याबाईंनी त्यांच्या मांडीवर शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं, आणि ते बिया काढत बसू लागले.

एका रात्री जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "गवत ओलं होतं."

"हो," मुलगा म्हणाला.

आत्याबाई तोंड उघडणार तोच सुनेने त्यांच्या ताटात वाढलं. विषय तिथेच संपला.

उरलेल्या वैरणीत चार गाईंची थंडी निघणार नाही हे उघडच होतं. कुठली विकायची यावर दोन-चार दिवस बोलणं झालं. शेवटी मुकादमांनी सुनेला विचारलं, "गोठा तुझा आहे. तू सांग."

तिने म्हाताऱ्या गाईचं नाव घेतलं नाही; तिला कुणी घेतलंच नसतं, किंवा भलत्याच कामाला घेतलं असतं. तिने तिच्या लाडक्या पांढरीचं नाव घेतलं, जी भरपूर दूध देत होती आणि चांगल्या घरी जाण्यासारखी होती. मुलगा म्हणाला, "विचार कर." ती म्हणाली, "केला."

वरच्या वाडीतला एक शेतकरी टेम्पो घेऊन आला. पांढरी टेम्पोला लावलेल्या फळीवर चढायला तयार होईना, तेव्हा सून स्वतः पुढे चढली आणि गाय तिच्या मागून गेली. मग ती कडेने उतरली आणि टेम्पोचं मागचं फळकूट लागलं. मुकादम काठी टेकत फाटकापर्यंत आले होते. नव्या मालकाला त्यांनी सांगितलं, की हिच्याजवळ डाव्या बाजूने गेलेलं हिला चालत नाही. तो म्हणाला, लक्षात ठेवीन.

त्या संध्याकाळी धारा लवकर आटोपल्या. सून हात धुऊन गोठ्याच्या दारात थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग पडवीत जाऊन, कांद्यांच्या वाळलेल्या पाती कापत असलेल्या नवऱ्याच्या शेजारी पडलेली दुसरी कात्री तिने घेतली आणि ढिगाच्या पलीकडे बसली.