गालांनी चढवलेला पारा

मी पाऱ्याची नळी बोलतेय. ताप बघायची नव्हे. ती काखेत बसते, मला तोंडाने फुंकावं लागतं. लाकडी फळीवर बसवलेली वाकडी काच, पोटात पारा आणि फुंकायला रबरी नळी, एवढाच माझा संसार. रोग्याने फुंकलं की पारा चढतो आणि त्याच्या श्वासाच्या स्नायूंत किती जोर आहे ते कळतं.

१९४९ साली हरिहर डॉक्टरांनी मला मुंबईहून मांडीवर घेऊन ठाण्याला आणलं आणि टेंभी नाक्याजवळच्या आपल्या दवाखान्यात टांगलं. ते रोग्याच्या बोलण्यापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवायचे. मला त्याचा कोण गर्व!

१९५४ च्या उन्हाळ्यात खाडीवरचा धाकू कोळी आला. मोठ्या दुखण्यातून उठला होता. लुळे पडलेले हातपाय सुधारले होते, पण छातीत बळ नव्हतं. नारळी पौर्णिमेनंतर त्याला होडीवर जायचं होतं. पारा साठपर्यंत चढला तरच जायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. जाळं ओढताना दम संपला तर भर पाण्यात कोण धावून येणार?

धाकू दर मंगळवारी यायचा. वीस, पस्तीस, पन्नास. श्रावणात मी बासष्ट दाखवले. डॉक्टर खूश, धाकू खूश, मी तर हवेतच.

सोबत आलेली त्याची बायको सगुणा तेवढी खूश नव्हती. ती हळूच म्हणाली, "डाक्टर, पारा चढतो तं मंग माजं नाव घेताना याला मधीच का थांबाला लागतं?"

डॉक्टरांनी त्याला पुन्हा फुंकायला लावलं आणि या वेळी माझ्याऐवजी त्याच्याकडे बघितलं. गाल टम्म फुगले होते, छाती जागची हलत नव्हती. धुक्यात होडीवरून शंख फुंकून तयार झालेले गाल ते.

धाकूने मान खाली घातली. "छातीन दम नाय. गालानच फुंकतो मी."

डॉक्टरांनी सुई तापवून माझ्या रबरी नळीला तोंडाजवळ बारीक भोक पाडलं. गालांतला वारा त्यातून लगेच निसटून जातो. छातीतून वारा येत राहिला तरच पारा टिकतो. धाकूने जीव खाऊन फुंकलं. पारा वर गेला, घसरला आणि सव्विसावर थांबला.

धाकू रडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगावर साधा चरा नसताना मी इतके आठवडे खोटं बोलत होते, आणि त्या खोट्यावर एक माणूस पाण्यात जाणार होता.

होडी त्याच्याशिवाय गेली. मार्गशीर्षात तो भोकासकट साठवर पोचला. डॉक्टरांनी आधी सगुणाकडे पाहिलं. तिने मान डोलावली, तेव्हाच आकडा लिहिला.

आता १९५८ उजाडलंय. परवा नव्या कंपाउंडरला माझं भोक दिसलं. गळकी म्हणून तो चिकटपट्टी शोधतोय. बाबा रे, एवढं ऐक, ते बुजवू नकोस. बुजवलंस तर मी पुन्हा आजाऱ्यांना बरं ठरवायला लागेन.